तुर्भ्याच्या अणुभट्ट्या काय शिकवतात?

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्र्यांनी अणुऊर्जेविषयी काही मोठे आकडे जाहीर केले. लहान आकाराच्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपयांची तरतूद, देशी बनावटीच्या अशा किमान पाच अणुभट्ट्या २०३३ पर्यंत चालू करण्याचा निर्धार, आणि २०४७ पर्यंत अणुविजेची क्षमता एक लाख मेगावॅटवर नेण्याचे उद्दिष्ट. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने नवा कायदा संमत करून या क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांनाही उघडून दिले. आकडे डोळे दिपवणारे आहेत आणि मुदत फार दूरची नाही. कोळशाची राख आणि धूर यांनी गांजलेल्या देशाने अणुविजेचा विचार करावा, यात गैर काही नाही. परंतु अर्थसंकल्पात रक्कम लिहिली आणि अणुभट्टी उभी राहिली, असे जगात कोठे घडलेले नाही. ती आधी प्रयोगशाळेत लहान रूपात उभी करावी लागते, तिथे तिचे दोष पदरात घ्यावे लागतात, आणि ते दोष निस्तरता निस्तरता माणसे तयार व्हावी लागतात. हे सारे मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, तुर्भ्याच्या डोंगराआड, गेली जवळजवळ सत्तर वर्षे घडत आले आहे. घोषणांच्या या दिवसांत त्या इतिहासाची उजळणी करणे म्हणूनच आवश्यक आहे.

स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते तेव्हा, १९४८ साली, भारताने अणुशक्तीचा कायदा केला आणि त्याच वर्षी डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली अणुशक्ती आयोग नेमला. जानेवारी १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुशक्ती केंद्राची स्थापना झाली. भाभांच्या निधनानंतर, १९६७ साली, त्यालाच भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव मिळाले. देशात तेव्हा पोलादाची टंचाई होती, परकीय चलन मोजून खर्चावे लागत होते, आणि साधी इलेक्ट्रॉनिक उपकरणेही बाहेरून आणावी लागत होती. अशा देशाने अणुभट्टी बांधण्याची भाषा करावी हे अनेकांना धाडसाचे वाटले असल्यास नवल नाही. भाभांनी मात्र पहिले पाऊल अगदी बेताचे टाकले. त्यांनी मोठे वीजकेंद्र मागितले नाही. पाण्याचे एक टाके मागितले.

ती अणुभट्टी म्हणजे ‘अप्सरा’. सुमारे आठ मीटर खोल असलेल्या टाक्यात इंधनाचा गाभा वरून टांगलेला, आणि भोवती निवळशंख पाणी. न्यूट्रॉनांचा वेग कमी करणे, उष्णता काढून नेणे आणि किरणोत्सर्ग अडवणे ही तिन्ही कामे तेच पाणी करीत असे. समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनकडून आले. बाकी बांधणी आणि नियंत्रणाची यंत्रणा आपल्याच शास्त्रज्ञांनी व तंत्रज्ञांनी तयार केली. १९५५ साली निर्णय झाला आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरेत साखळी प्रक्रिया सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशिया खंडातील ती पहिली अणुभट्टी. २० जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. गाभ्यातून निघणारे अतिवेगवान इलेक्ट्रॉन पाण्यातून जाताना जो निळा प्रकाश पसरतो तो पाहूनच नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिले.

या अणुभट्टीची शक्ती किती? जास्तीत जास्त एक मेगावॅट, आणि तीही उष्णतेच्या रूपात. तिच्यातून विजेचे एक युनिटही कधी निघाले नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सामान्य करदात्याच्या मनात येणे साहजिक आहे. याचे उत्तर असे की, वीजकेंद्रातील अणुभट्टी आणि प्रयोगशाळेतील अणुभट्टी यांची कामे निराळी आहेत. पहिलीचे उत्पादन वीज. दुसरीचे उत्पादन न्यूट्रॉन आणि ज्ञान. न्यूट्रॉनांच्या झोतात पदार्थ ठेवला की त्याची अंतर्गत रचना कळते. साध्या मूलद्रव्यापासून औषधोपचाराला उपयोगी पडणारी किरणोत्सर्गी समस्थानिके करता येतात. मोठ्या अणुभट्टीची भिंत किती जाड असावी याची परीक्षा घेता येते. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, साखळी प्रक्रिया आटोक्यात कशी ठेवायची हे माणसाच्या हाताला आणि डोळ्यांना तिथे शिकता येते. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहू लागत नाही. पाण्यात उतरावेच लागते.

अप्सरेचे खरे फलित या शिक्षणात आहे. १९५७ साली तुर्भ्यात प्रशिक्षणशाळा सुरू झाली आणि देशभरच्या महाविद्यालयांतून निवडलेले तरुण पदवीधर तिथे येऊ लागले. पुढील काळातील आपल्या अणुकार्यक्रमाचा कणा म्हणजे या शाळेतून बाहेर पडलेली माणसे. अप्सरेच्या नियंत्रण यंत्रणेसाठी ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली जे इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे काम झाले, त्याच परंपरेतून १९६७ साली हैदराबादचा ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन’ हा सार्वजनिक उद्योग उभा राहिला. तुर्भ्याचे तरुण पदार्थवैज्ञानिक पी. के. अय्यंगार यांनी कॅनडात ब्रॉकहाउस यांच्याबरोबर न्यूट्रॉनांवर काम केले. त्याच विषयातील कामगिरीबद्दल ब्रॉकहाउस यांना १९९४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका मेगावॅटच्या टाक्याभोवती असे सगळे जमून आले.

मदत आणि तिची किंमत

तुर्भ्याची दुसरी अणुभट्टी ‘सायरस’. ती कॅनडाच्या मदतीने उभी राहिली आणि तिच्यासाठी लागणारे जड पाणी अमेरिकेने पुरवले. ४० मेगावॅट उष्णताशक्तीची ही अणुभट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालणारी होती व १० जुलै १९६० रोजी ती कार्यान्वित झाली. तिच्या पहिल्या इंधनापैकी निम्मे इंधन तुर्भ्यातच तयार झालेले होते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सायरसचा नमुना होता कॅनडातील चॉक रिव्हर येथील ‘एन्‌आरएक्स’. या नमुन्याच्या अणुभट्टीला डिसेंबर १९५२ मध्ये गंभीर अपघात होऊन तिच्या गाभ्याचा काही भाग वितळला होता. कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी तो अपघात दडपला नाही. गाभा काढून नवा बसवला, कारणे शोधली आणि अणुभट्टी पुन्हा चालवली. आपल्याला जे तंत्र मिळाले ते असे अपघाताच्या अग्निपरीक्षेतून पार पडलेले होते.

सायरसपाठोपाठ जानेवारी १९६१ मध्ये ‘झर्लिना’ आली. तिची शक्ती १०० वॅट, म्हणजे घरातील एका दिव्याइतकी. जड पाण्यात इंधनाची मांडणी कशी करावी, सळ्यांत किती अंतर ठेवावे, याची पुनःपुन्हा मोडतोड करून परीक्षा घेण्यासाठीच ती बांधली होती आणि १९८३ साली काम संपल्यावर ती मोडीत काढण्यात आली. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांचे गणित आपल्या लोकांनी या दिव्याएवढ्या भट्टीवर गिरवले.

सायरसची कथा मात्र इतकी सरळ नाही. १९५६ च्या करारात या अणुभट्टीचा उपयोग शांततामय कार्यासाठी व्हावा अशी अट होती. आंतरराष्ट्रीय तपासणीची तरतूद त्यात नव्हती. तशी तपासणी करणारी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था अस्तित्वात आली तीच १९५७ साली. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने जो अणुस्फोट केला त्याचे प्लुटोनियम सायरसमधून आलेले होते. स्फोट शांततामय हेतूने केला, ही भारताची भूमिका होती. कॅनडाला ती पटली नाही. त्याने सहकार्य थांबवले आणि १९७६ साली ते कायमचे संपवले. राजस्थानातील दुसऱ्या अणुवीजसंचाचे काम कॅनडाच्या मदतीवर अवलंबून होते. तो संच व्यापारी तत्त्वावर चालू व्हायला १९८१ साल उजाडले. अणुसाहित्य विकणाऱ्या राष्ट्रांनी एकत्र येऊन आपला गट केला तोही याच स्फोटाचा परिणाम. पुढे १९९७ साली, पोखरणच्या कामात प्रमुख असलेले डॉ. राजा रामण्णा यांनीच तो बाँब होता असे उघडपणे सांगितले.

राष्ट्राच्या संरक्षणासाठी अण्वस्त्रे हवीत की नकोत, याविषयी प्रामाणिक मतभेद असू शकतात. चीनने १९६४ साली अणुस्फोट केल्यानंतर भारतापुढे जो पेच उभा राहिला तो काल्पनिक नव्हता. तथापि, एका हेतूसाठी घेतलेली वस्तू दुसऱ्या हेतूसाठी वापरली की त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, हे नाकारता येणार नाही. इथे ती वीजकार्यक्रमाने मोजली आणि ज्या शास्त्रज्ञांचा स्फोटाशी काडीचाही संबंध नव्हता त्यांनीही मोजली. परदेशी प्रयोगशाळांची दारे बंद झाली, उपकरणे मिळेनाशी झाली. आणखी एक किंमत होती, ती आपणच आपल्यावर लादली. ती म्हणजे गुप्ततेची. तिच्याकडे पुढे वळू.

अपयश पचवण्याची ताकद

बाहेरची मदत तुटल्यानंतरची तुर्भ्याची कामगिरी म्हणजे ‘ध्रुव’. १०० मेगावॅटच्या या अणुभट्टीचा आराखडा भारतीयांचा आणि बांधणीही भारतीय कारखान्यांची. पुढे अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. अनिल काकोडकर यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. ८ ऑगस्ट १९८५ रोजी ध्रुवमध्ये साखळी प्रक्रिया सुरू झाली, अभिनंदने झाली. आणि थोड्याच काळात संकट उभे राहिले. जड पाण्याच्या जोरदार प्रवाहात इंधनसंच थरथरू लागले. त्या कंपनांनी इंधनावरचे ॲल्युमिनियमचे आवरण घासले जाऊन त्याचे कण जड पाण्यात मिसळू लागले. अणुभट्टी कमी शक्तीवर चालवावी लागली. देशात आणि देशाबाहेर टीका झाली. कोणाच्या मदतीवाचून केलेली पहिली मोठी अणुभट्टी अयशस्वी ठरली की काय, अशी शंका घेतली गेली.

या प्रसंगी तुर्भ्याच्या लोकांनी जे केले ते प्रत्येक विज्ञानशिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. कंपने कोठून उद्भवतात हे त्यांनी शोधले, इंधनसंचांची रचना बदलली, पुन्हा परीक्षा घेतल्या, आणि जानेवारी १९८८ मध्ये ध्रुव आपल्या पूर्ण शक्तीवर पोहोचली. अडीच वर्षे गेली. ही अडीच वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल? पाण्याच्या प्रवाहात धातूची सळी कशी वागते, हे ज्ञान कोणत्याही देशाने आपल्याला विकले नसते. आज थायरॉइडच्या रोग्याला दिले जाणारे किरणोत्सर्गी आयोडीन ज्या अणुभट्टीत तयार होते, ती हीच ध्रुव.

जगाचा अनुभव याहून निराळा नाही. अमेरिकेने आयडाहोच्या ओसाड माळरानावर पन्नासांहून अधिक अणुभट्ट्या उभारून पाहिल्या. त्यांतल्या एकीने डिसेंबर १९५१ मध्ये विजेचे चार दिवे लावले. दुसरीत जानेवारी १९६१ मध्ये स्फोट होऊन तीन माणसे दगावली. आजच्या मोठ्या वीजकेंद्रांची सुरक्षितता या लहान भट्ट्यांतील यशाइतकीच त्यांच्या अपघातांवरही उभी आहे. ज्याला अपयश परवडत नाही त्याने प्रयोग करू नये. आणि ज्याने प्रयोग केला नाही त्याने मोठी भट्टी बांधू नये.

थोरियमच्या बाबतीत हेच सूत्र तुर्भ्याने निष्ठेने पाळले. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत आपल्याकडे थोरियमचा विपुल साठा आहे, आणि त्यापासून मिळणारे युरेनियम-२३३ वापरून दीर्घकाळ वीज मिळवावी हे भाभांचे स्वप्न होते. ‘पूर्णिमा’ मालिकेतील पहिली भट्टी १९७२ साली प्लुटोनियमवर चालली. दुसरी १९८४ साली युरेनियम-२३३ च्या द्रावणावर आणि तिसरी १९९० साली त्याच इंधनाच्या घनरूपावर. या पायऱ्या चढून १९९६ साली कल्पाक्कम येथे ‘कामिनी’ ही ३० किलोवॅटची अणुभट्टी सुरू झाली. केवळ युरेनियम-२३३ वर चालणारी अशी भट्टी जगात अन्यत्र नाही. परंतु पुढची पायरी? थोरियमचा वापर करणाऱ्या ३०० मेगावॅटच्या प्रगत जड पाणी अणुभट्टीचा आराखडा तुर्भ्यात तयार झाला, तिच्या गाभ्याच्या परीक्षेसाठी २००८ साली एक शून्यशक्ती भट्टीही चालू झाली. मूळ अणुभट्टी मात्र अजून कागदावरच आहे. प्रयोगशाळेने आपले काम करावे आणि शासनाने पुढचा निर्णय वर्षानुवर्षे लांबणीवर टाकावा, हाही या इतिहासाचा एक भाग आहे.

पडद्याआडचा कारभार

सायरसचा शेवट याच प्रकारचा विचार करायला लावतो. १९९७ साली ती थांबवून, कित्येक वर्षांच्या परिश्रमाने तिची दुरुस्ती करण्यात आली आणि ती पुन्हा चालू झाली. इतक्यात अमेरिकेशी अणुकराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या. मार्च २००६ मध्ये भारताने आपल्या लष्करी व नागरी अणुसंस्था वेगळ्या करण्याची योजना जाहीर केली, तीत सायरस २०१० मध्ये कायमची बंद करण्याचे मान्य केले, आणि ३१ डिसेंबर २०१० रोजी ती बंद झाली. करारातून देशाला परदेशी युरेनियम मिळू लागले, हे खरे. पण नुकतीच नवी केलेली अणुभट्टी विझवताना संशोधनाचे काय नुकसान होणार आहे, त्याचा हिशेब लोकांपुढे नीट मांडला गेला नाही. अप्सरा २००९ साली थांबली. तिच्या जागी दोन मेगावॅटची सुधारित अप्सरा सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. परंतु ध्रुवच्या तोडीची संशोधन अणुभट्टी १९८५ नंतर देशात उभी राहिलेली नाही. चाळीस वर्षांचा हा खंड कोणालाही अस्वस्थ करील.

याचे एक कारण गुप्ततेत आहे. १९५५ साली जिनिव्हा येथे अणूच्या शांततामय उपयोगाविषयी जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा होते. ज्ञान खुले करावे, असा त्या परिषदेचा सूर होता आणि अप्सरा त्या वातावरणात जन्मली. नंतर संरक्षणाचे काम आणि संशोधनाचे काम एकाच कुंपणाच्या आत आले, आणि कुंपणाची भिंत दोहोंसाठी सारखीच उंच झाली. शस्त्रांची रहस्ये गुप्त राहावीत, हे कोणीही मान्य करील. पण अणुभट्टीतील गळती, कामगारांना मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा, प्रकल्पाचा खर्च आणि विलंब, यांनाही तेच पांघरूण का घालावे? अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले; परंतु २००० साली भाभा केंद्रातील अणुसंस्था त्या मंडळाच्या कक्षेतून काढून केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे सोपवण्यात आल्या. परीक्षार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासण्याचा हा प्रकार आहे. तपासनीस कितीही सचोटीचा असला तरी अशा निकालावर लोकांचा विश्वास बसत नाही. २०२५ च्या कायद्याने नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र दर्जा कागदावर मिळतो. ‘थांबा’ म्हणण्याचे धैर्य आणि ते ऐकण्याची सरकारची तयारी व्यवहारातच दिसावी लागते.

आता पुन्हा २०३३ च्या मुदतीकडे वळू. पाच लहान अणुभट्ट्या ठरल्या वेळी चालू झाल्या तर ते देशाचे भाग्यच. परंतु तुर्भ्याचा इतिहास वाचणाऱ्याला तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, नव्या घडणीच्या अणुभट्टीचा पहिला संच हा प्रयोग समजावा. ध्रुवप्रमाणे तो दोन-अडीच वर्षे रखडला तर शास्त्रज्ञांना धारेवर धरू नये आणि मुदत गाठण्यासाठी परीक्षांना फाटाही देऊ नये. खासगी भांडवल आल्यावर हा मोह वाढणार आहे, कारण भांडवलाला व्याज मोजावे लागते आणि प्रयोगाला वेळ. दुसरी, संशोधनासाठी नवी मोठी अणुभट्टी आणि तिच्याभोवती विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना वावर, हे दोन्ही वीजकेंद्रांइतकेच तातडीचे मानावे. माणसे तयार करण्याचे काम २०४७ साली सुरू करता येणार नाही. तिसरी, ज्या अणुभट्ट्या आता विझल्या आहेत, म्हणजे जुनी अप्सरा, झर्लिना, सायरस, त्यांचा संपूर्ण आणि निःसंकोच इतिहास, यशासह आणि चुकांसह, प्रसिद्ध करावा. तो इंग्रजीत असावा, मराठीत असावा आणि देशाच्या इतर भाषांतही असावा. या भट्ट्यांचा खर्च ज्या शिक्षकांनी, कारकुनांनी आणि शेतकऱ्यांनी आपल्या करांतून उचलला, त्यांच्या मुलांना तो वाचण्याचा अधिकार आहे.

अप्सरेचे पाणी इतके नितळ होते की, काठावर उभ्या असलेल्या माणसाला तळातला गाभा दिसत असे. अणुशक्तीचा कारभार सुरुवातीला असा दिसण्याजोगा होता. पुढच्या अणुभट्ट्यांचा आकार, इंधन आणि मालक बदलतील. त्या लोकांना दिसण्याजोग्या असाव्यात, एवढा आग्रह आपण सोडता कामा नये.